सुपरमार्केटमध्ये दुखापत झाली तर भरपाई कशी मागावी?



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्राहकाच्या हक्कांचा धडा असतो. वजनमापे, भेसळ, छापील किंमत, आयएसआय आणि ॲगमार्क यांची माहिती त्यात येते आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही हमखास येतो. मुले हक्कांची यादी घडाघडा म्हणून दाखवतात. त्या यादीतला पहिला हक्क सुरक्षिततेचा आहे. पण सुरक्षितता म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे फुटकी इस्त्री किंवा मुदत संपलेले औषध येते. ज्या फरशीवर उभे राहून आपण वस्तू निवडतो ती फरशी, डोक्यावरचे रॅक, हातातली ट्रॉली, तळघरातले पार्किंग यांचा विचार कोणी करत नाही. या अंकातील अभ्यासलेख त्यावरच आहे. तो आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही वाचावा असा आमचा आग्रह आहे. कारण लेखाच्या शेवटी पुढे येईल.

आपल्या समाजातल्या जुन्या मंडळींना किराण्याचे दुकान आठवत असेल. ग्राहक बाहेर, दुकानदार आत, मध्ये लाकडी फळी. यादी द्यायची, नोकर पोत्यातून माल काढायचा, तोलायचा, पुडी बांधायचा. पोते अंगावर पडले तर नोकराच्या पडायचे, ग्राहकाच्या नव्हे. महाराष्ट्रात १९४८ साली मुंबईच्या नायगावात अपना बाजार सुरू झाला, पुढे सहकारी भांडारे आली आणि ग्राहक हळूहळू दुकानाच्या आत शिरला. भोपाळात हे जरा उशिरा घडले. चार इमलीच्या बंगल्यांतून पूर्वी गडी पिशवी घेऊन बिट्टन मार्केटला जायचा. आता रविवारी सगळे कुटुंब गाडी काढून सुपरमार्केटला जाते, आजी-आजोबा आणि लहान मुलेसुद्धा. दुकानदाराचे नोकर कमी झाले आणि नोकराचे काम ग्राहक स्वतः आनंदाने करू लागला. वरच्या फळीवरचा तेलाचा डबा आता आपणच काढतो. म्हणजे पूर्वी जो धोका नोकराचा होता तो आपल्याकडे आला. मग जबाबदारी कोणाची?

कायद्याने याचे उत्तर बऱ्याच पूर्वी दिले आहे. १८६६ साली इंग्लंडमध्ये 'इंडरमॉर विरुद्ध डेम्स' हा खटला गाजला. साखरेच्या कारखान्यात गॅसचे काम करायला आलेला कारागीर कठडा नसलेल्या एका मोकळ्या झरोक्यातून खाली पडला. कारखानदाराचे म्हणणे, तो आमचा नोकर नव्हे. न्यायालयाने सांगितले की जो माणूस कामानिमित्त, मालकाच्याही फायद्यासाठी जागेत येतो, त्याच्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. जो धोका मालकाला माहीत आहे किंवा माहीत असायला हवा, त्यापासून त्याला जपले पाहिजे. गिऱ्हाईक हा अगदी असाच माणूस. त्याला बोलावले आहे आणि त्याच्या येण्यात दुकानदाराचा फायदा आहे. आपल्याकडची न्यायालये अपकृत्याच्या कायद्यात, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याला झालेल्या हानीच्या कायद्यात, हीच विचारसरणी मानतात.

सुपरमार्केटचाच एक खटला मुलांना फार आवडेल. १९७४ साली इंग्लंडात लिव्हरपूलच्या एका मोठ्या दुकानात एक बाई जमिनीवर सांडलेल्या दह्यावरून (तिकडचे डब्यातले गोड योगर्ट) घसरून पडल्या. दुकानाने सांगितले, आम्ही दिवसातून पाच-सहा वेळा फरशी झाडतो आणि काही सांडलेले दिसले तर तिथे उभे राहून दुसऱ्याला बोलवावे, अशी नोकरांना सूचना आहे. बाईंना ते दही किती वेळ तिथे पडून होते हे सांगता येईना. कसे येणार? त्या तर नुकत्याच आल्या होत्या. १९७६ साली अपील न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की हे सांगणे बाईंचे काम नाही. फरशी दुकानाच्या ताब्यात आहे. दही कधी सांडले आणि ते पुसायची व्यवस्था नीट चालली होती की नाही, याचा खुलासा दुकानाने करावा. खुलासा झाला नाही आणि 'वॉर्ड विरुद्ध टेस्को' हा दावा बाई जिंकल्या. भरपाई किती? साडे एकशे सदतीस पौंड. एवढ्याशा रकमेचा हा निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. बाई काही आठवड्यांनी पुन्हा त्याच दुकानात गेल्या, तेव्हा संत्र्याचा रस सांडलेला होता आणि पाव तास तो पुसायला कोणी आले नव्हते. हे त्यांनी न्यायालयात सांगितले. याला म्हणतात लक्ष ठेवणे!

आपल्या देशातला नमुना दिल्लीचा आहे. चांदनी चौकात टाऊन हॉलसमोरचा घंटाघर १९५१ साली कोसळला आणि रस्त्यावरची माणसे मेली. इमारत ऐंशी वर्षांची होती. ज्या चुन्यात ती बांधली होती त्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचेच होते. नगरपालिका म्हणाली की बाहेरून काही दिसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली 'दिल्ली महापालिका विरुद्ध सुभागवंती' या निकालात ठरवले की रस्त्यालगतची इमारत ज्याची आहे त्याने ती तपासत राहायला हवे आणि असा मनोरा आपोआप कोसळतो तेव्हा ती घटना स्वतःच हलगर्जीपणा सांगते. रॅक कोसळले, छताचा पत्रा पडला, तर हेच सूत्र लागू करता येते. नीट बसवलेले रॅक हात लावल्याने पडत नाही.

आता जरा थांबून आपल्या शहराकडे पाहू. भरपाई हा शब्द भोपाळात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे त्याला मुआवजा म्हणतात आणि त्याबरोबर 'क्लेम' हा शब्दही घरोघरी रुळला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर १९८५ साली खास कायदा झाला, सर्वांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पाच लाखांहून अधिक लोकांचे दावे मान्य झाले. बहुसंख्य जखमींच्या हाती पहिल्या फेरीत २५ हजार रुपये पडले आणि २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उरलेल्या रकमेतून आणखी वाटप झाले. जास्त रकमेसाठी केंद्राने २०१० साली केलेली याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. ज्यांनी दावा अधिकाऱ्यासमोर उभे राहून दवाखान्याचा कागद शोधला त्यांच्या घरची मुले आपल्या शाळेत शिकून गेली आहेत. त्या रात्री पळताना कोणी पावती मागितली नव्हती. पण पुढे वर्षानुवर्षे प्रश्न एकच होता, कागद कुठे आहे?

भोपाळनंतर देशाचा कायदाही बदलला. १९८५ च्या दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीवरून सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मांडले की घातक धंदा करणाऱ्याने भरपाई दिलीच पाहिजे, चूक सिद्ध होवो न होवो. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदाही घातक पदार्थांच्या अपघातांसाठी आला. परंतु पालकांनी घोटाळा करू नये. किराणा विकणे हा घातक धंदा नव्हे. दुकानात पडलो म्हणजे पैसे मिळालेच असे नाही. दुकानाची निष्काळजी दिसली पाहिजे. वाहन अपघातात काही ठराविक रक्कम चूक सिद्ध न करताही मिळते, तशी सोय इथे नाही.

म्हणूनच पहिल्या दिवशी आपण काय करतो यावर पुढचे सगळे अवलंबून राहते.

गेल्या वर्षी आपल्या समाजातील एका आजीबाई भोपाळातल्याच एका सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रीजसमोर साचलेल्या पाण्यावरून घसरल्या आणि मनगटाचे हाड मोडले. दुकानाचे नाव आम्ही देत नाही, कारण त्यांची बाजू आम्ही ऐकलेली नाही. व्यवस्थापक सज्जन होता. त्याने खुर्ची दिली, बर्फ आणला, रिक्षा बोलावली. दीड हजार रुपयांचे गिफ्ट व्हाउचर दिले आणि एका इंग्रजी टाइप केलेल्या कागदावर सही घेतली. घरी आल्यावर मुलाने तो कागद आमच्याकडे वाचायला आणला. त्यात लिहिले होते की सर्व मागणी पूर्ण व अंतिम स्वरूपात मिटली. तोपर्यंत बिल कचऱ्यात गेले होते. दुकानाचे उत्तर आले की कॅमेऱ्याचे चित्रण पुसले गेले, कारण ते काही दिवसच ठेवतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे दवाखान्याच्या पहिल्या पानावर 'घरी पडल्या' असे होते! गडबडीत सोबतच्या शेजारणीने तसे सांगितले, डॉक्टरांनी तसे लिहिले. हाड खरे मोडले, पाणी खरे होते, दुकान खरे होते, पण तिन्ही जोडणारा एकही कागद नव्हता. कुटुंबाने पुढे काही केले नाही.

यातून पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. पडलेल्या माणसाला आधी सांभाळावे हे सांगायला नको. सोबत कोणी असेल तर त्याने तेवढ्यात मोबाइलवर त्या जागेचे, पाण्याचे, चपलेच्या तळव्याचे, आजूबाजूला सूचनेचा फलक आहे की नाही याचे फोटो काढावेत. दुकानाच्या नोंदवहीत घटना लिहवून घ्यावी. वही नसेल तर साध्या कागदावर वेळ, जागा, काय झाले हे लिहून व्यवस्थापकाची सही आणि शिक्का मागावा. सही दिली नाही तरी तोच मजकूर त्या दिवशी दुकानाच्या ईमेलवर पाठवता येतो. पाहणाऱ्या एक-दोघांचे नाव आणि फोन घ्यावा. भोपाळची माणसे अशा वेळी मागे हटत नाहीत. बिल जपावे, आणि त्याचा लगेच फोटो काढावा कारण त्यावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडते. दवाखान्यात कोठे व कसे पडलो हे स्पष्ट सांगून ते लिहिले गेले का ते वाचून पाहावे. आपल्याला जवळ जेपी हॉस्पिटल आहे. सरकारी दवाखान्यातील अशी नोंद पुढे फार उपयोगी पडते. आणि कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवा, असे पत्र दोन-तीन दिवसांतच स्पीड पोस्टाने पाठवावे. पत्र मिळूनही चित्रण पुसले तर ते का पुसले याचे उत्तर दुकानाला द्यावे लागते.

कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, न समजल्यास सही करू नये. मदत म्हणून दिलेले पैसे घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर 'उपचाराच्या खर्चापोटी, हक्क राखून' एवढे शब्द आपल्या हाताने लिहावेत. सही होऊन गेली असेल तरी दार पूर्ण बंद होत नाही. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच म्हटले आहे की अशी पावती फसवून किंवा दबावाखाली घेतलेली असेल तर केवळ तिच्यामुळे ग्राहकाचा हक्क जात नाही. परंतु फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्याचा भार मग आपल्यावर येतो.

आता दाद कोठे मागायची ते पाहू. ग्राहक चळवळीचा आपल्याला अभिमान वाटावा असा मराठी संबंध आहे: १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. पूर्वीचा जिल्हा मंच आता जिल्हा आयोग झाला आहे. तक्रार कोठे करायची हे भरपाईच्या आकड्यावर ठरत नाही. वस्तू किंवा सेवेसाठी आपण जे पैसे दिले त्यावर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणजे चारशे रुपयांचे किराणा बिल असले आणि भरपाई कितीही लाख मागितली तरी जायचे जिल्हा आयोगाकडेच. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. जिथे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सुटीत इंदूरला किंवा नागपूरला मामाकडे गेलो आणि तिथल्या दुकानात पडलो, तरी तक्रार भोपाळातच करता येईल. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. वकील सक्तीचा नाही. अज्ञान मुलाच्या वतीने आई-वडील तक्रार करू शकतात. घरबसल्या करायची तर १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळ आहे, आणि नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक. राज्य आयोगही आपल्याच शहरात असल्याने अपिलासाठी भोपाळकरांना गाडी पकडावी लागत नाही. अपिलाची मुदत ४५ दिवस.

मुदत दोन वर्षांची आहे, घटना घडल्या दिवसापासून. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग माफ करू शकतो, पण 'विसरलो' हे कारण नव्हे. दुसऱ्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतो, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि हुशार विद्यार्थ्यांनी त्यावर डोके चालवावे. ग्राहक कोण? कायदा म्हणतो, मोबदला देऊन जो वस्तू विकत घेतो किंवा सेवा घेतो तो. मग ट्रॉली भरलेली आहे पण बिल झालेले नाही, अशा वेळी पडलेला माणूस ग्राहक आहे का? दुकानाचा वकील नाही म्हणेल. आपण म्हणू की दुकानाने सेवा देऊ केली होती आणि आम्ही खरेदी करतच होतो. निकाल कोणत्याही बाजूने जाऊ शकतो. म्हणून शक्य असेल तर सोबतच्याने सामानाचे बिल करून घ्यावे. हे ऐकायला विचित्र वाटते, घरचे माणूस कळवळते आहे आणि आपण रांगेत उभे! पण ते बिल पुढे कामास येते. बिल नसले तरी दिवाणी न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे, तिथे ग्राहक असण्याची अट नाही, फक्त न्यायालयाचे शुल्क भरावे लागते आणि वेळ अधिक लागतो. महिला आणि मुले यांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. दुखापत गंभीर असेल तर पोलिसांत तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ निष्काळजीपणाने केलेल्या दुखापतीसंबंधी आहे, आणि हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच.

रक्कम किती मागावी? मनाला येईल तो आकडा लिहू नये, हिशेब मांडावा. समजा, दवाखान्याचे बिल ६२,००० रुपये, औषधे ८,४००, फिजिओथेरपी पंधरा वेळा प्रत्येकी ४०० प्रमाणे ६,०००, घरी कामाला व आजींना उठवा-बसवायला बाई ठेवली ती ४५ दिवस रोज ५०० प्रमाणे २२,५०० आणि रिक्षाभाडे २,६००. बेरीज १,०१,५०० रुपये. विद्यार्थ्यांनी ती करून पाहावी. हा झाला पावत्यांचा भाग. शिवाय बुडालेला पगार, पुढे लागणारा उपचार, वेदना आणि आधी करता यायची ती कामे आता न करता येण्याचे दुःख हे वेगळे. २०११ च्या 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या वाहन अपघाताच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे विभाग मांडून दिले आहेत. त्यातली एक गोष्ट मार्मिक आहे. डॉक्टरांनी हाताला तीस टक्के अपंगत्व लिहिले म्हणजे कमाईही तीस टक्केच बुडाली असे नाही. सुताराचा हात आणि कारकुनाचा हात यांचा हिशेब वेगळा होतो.

घरी असणाऱ्या आयांनी 'माझे काय बुडाले, मी तर कमवत नाही' असे म्हणू नये. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीसंबंधीच्या लता वाधवा प्रकरणात २००१ साली आणि पुन्हा ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे असे ठरवले. आमच्या मते या लेखातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि मुलींप्रमाणे मुलांनीही ते वाचावे.

दुकानाच्या बाजूने काय सांगितले जाईल तेही न्यायाने पाहिले पाहिजे. ओल्या फरशीचा पिवळा फलक लावला होता आणि ग्राहक मोबाइलमध्ये पाहत चालला होता, तर चुकीचा काही वाटा त्याचा धरला जातो व भरपाई तेवढी कमी होते. ट्रॉलीत उभ्या राहिलेल्या मुलाचा तोल गेला तर आई-वडिलांनाही प्रश्न विचारला जाईल. (मुलांनो, ट्रॉली ही सामानासाठी असते.) परंतु 'येथे आपल्या जबाबदारीवर वावरावे' अशी पाटी लावून दुकान सुटत नाही. २०१९ साली ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पार्किंगच्या चिठ्ठीवर 'मालकाच्या जोखमीवर' छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून मुक्त होता येत नाही.

हा सगळा विचार केवळ मनगटाच्या हाडाचा नाही. १ ऑगस्ट २००४ रोजी दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशाच्या राजधानीत, असुन्सिओनला, एका सुपरमार्केटला आग लागली. लोक पैसे न देता माल घेऊन जातील म्हणून दारे बंद करण्यात आली. तीनशेहून जास्त माणसे मेली. आपल्याकडे १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ जण गेले, तेही बाहेर पडायचा मार्ग नसल्यामुळे. आपण दुकानात शिरताना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कोठे आहे, तो सामानाने अडला आहे का, हे पाहावे आणि अडला असेल तर व्यवस्थापकाला नम्रपणे सांगावे. नुसते सांगूनही फरक पडतो.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून भाषेची एक अडचण आम्हाला चांगली कळते. घरी आपण मराठी बोलतो, आयोगाचे कागद हिंदीत असतात, आणि दुकानाचे उत्तर इंग्रजीत येते. महाराष्ट्रातले नातेवाईक ज्याला ग्राहक म्हणतात तो इथे उपभोक्ता. तिकडची तक्रार इथे परिवाद किंवा शिकायत. नुकसानभरपाईला क्षतिपूर्ति किंवा मुआवजा, हलगर्जीपणाला लापरवाही, प्रतिज्ञापत्राला शपथ-पत्र, मुदतीला परिसीमा. आयोगाच्या नावातला 'प्रतितोषण' हा शब्द पाहून घाबरू नये, त्याचा अर्थ तक्रारीचे निवारण एवढाच. अर्ज साध्या हिंदीत लिहिला तरी चालतो. जड शब्दांपेक्षा तारीख, वेळ आणि जागा बरोबर असणे मोलाचे.

आता विश्वस्त मंडळींसाठी. शाळा हे दुकान नव्हे, पण जागा ज्याच्या ताब्यात त्याने काळजी घ्यावी हा नियम शाळेलाही आहे. १९९५ साली पंजाबातील एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि १४ मुले बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. गणेशोत्सवात आपल्या आवारात शेकडो माणसे येतात, आनंदमेळ्यात मुले तेलाच्या कढईजवळ उभी असतात, पावसाळ्यात मागच्या जिन्यावर शेवाळ धरते. सुपरमार्केटला आपण जे प्रश्न विचारतो ते आपल्यालाही कोणी विचारू शकतो. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा, हॉलचा मागचा दरवाजा कार्यक्रमाच्या वेळी उघडा ठेवणे, फरशी मधल्या सुटीनंतर पुसणे आणि इजा-नोंदवही, असा प्रस्ताव आम्ही मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवत आहोत. खर्च फक्त कठड्याचा आहे.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ. आठवीच्या विद्यार्थ्यांनी आई-वडिलांबरोबर पुढच्या वेळी दुकानात जाताना एक कागद न्यावा आणि फरशी, रॅक, दरवाजे, जिना यांत काय आढळले ते लिहून आणावे. दुकानाचे नाव लिहू नये. नववीने दुकानाच्या व्यवस्थापकाला कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवण्याविषयी पत्र लिहावे, अर्धी तुकडी मराठीत, अर्धी हिंदीत. दहावीने वर्गात दोन बाजू मांडाव्यात: बिल होण्यापूर्वी पडलेला माणूस ग्राहक आहे की नाही? वह्या महिनाअखेरपर्यंत कार्यालयात द्याव्यात. ज्या पालकांना वकिलीचा अनुभव आहे त्यांनी दहावीच्या वादाला परीक्षक म्हणून यावे, वेळ शाळेतून कळवली जाईल.